चोवीस बायकांची सोडत

निरगुडसर,
१८ मे २०२५

ती. सौ. मोहिनीताईस,
उज्ज्वलाचा सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं दाजी विचारतील. त्यांना सांग की फोनवर ताई माझं निम्मं ऐकते आणि उरलेलं खोडते. कागदावर मला शेवटपर्यंत बोलता येतं.

बातमी अशी की दादाभाऊंनी मला त्यांच्या टोमॅटोच्या शेडची मुकादम केलं. माझ्या हाताखाली प्रतवारी करणाऱ्या चोवीस बायका आहेत. रोज त्यांच्याइतकाच, साडेतीनशे. पण मुकादमीचे महिन्याला तीन हजार वर. माझ्या सोनलच्या पुण्यातल्या मेसची सोय झाली. तिच्या नर्सिंगच्या तीन वर्षांत हा एकच खर्च मला झोपू देत नव्हता.

दुसरी बातमी तुला आवडणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. गेल्या आठवड्यात बायकांनी रोजात पन्नासची वाढ मागितली. गाड्या भरणाऱ्या गड्यांना सहाशे आणि आम्हाला साडेतीनशे का, असं सखूबाईने भर शेडमध्ये विचारलं. वाढ नाही तर सोमवारपासून कुणी बसणार नाही, असंही ठरलं. दादाभाऊ सोसायटीच्या निवडणुकीला कपबशीच्या पॅनेलमधून उभे आहेत, त्यामुळे ते रागावले नाहीत. म्हणाले, वाढीचं नंतर बघू, आधी लक्ष्मी येऊ द्या. तुळशीच्या लग्नापर्यंत दर शनिवारी पगाराच्या वेळी सोडत काढायची. डब्यात चोवीस चिठ्ठ्या, त्यांच्या नातीने एक उचलायची, जिचं नाव निघेल तिला रोख चोवीसशे.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, घ्या. आपल्या भिशीसारखंच आहे, वर हप्ताही भरायचा नाही. बायका चोवीस, शनिवार चोवीस, प्रत्येकीचा नंबर लागणार. माझ्या शब्दावर त्यांनी वाढीचं मागे घेतलं. माझ्या थोरल्या जाऊबाई लंकाबाई तर म्हणाल्या, पन्नास रुपये कुठं जातात कळत नाय, पण चोवीसशे लई दिवस दिसतात.

आता तू काय ते खोड. दाजींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
उज्ज्वला


जुन्नर,
२५ मे २०२५

चि. उज्ज्वला हिस,
अनेक आशीर्वाद.

मुकादम झालीस, आनंद झाला. सोनलला सांग, मेसचं जेवण आवडलं नाही तरी जेवायचं.

आता सोडतीबद्दल. चोवीसशे रुपये चोवीस जणींत वाटले तर आठवड्याला प्रत्येकी शंभर. सहा दिवसांचे शंभर, म्हणजे दिवसाला सतरासुद्धा नाहीत. तुम्ही पन्नास मागितले आणि सतरावर गप्प बसलात, तेही वाट बघत. दादाभाऊंना माझ्या वर्गात बसवलं असतं तर पहिला नंबर दिला असता.

एक प्रश्न विचारते, त्याचं नीट उत्तर दे. निघालेली चिठ्ठी बाजूला ठेवतात की घडी करून परत डब्यात टाकतात? भिशीसारखं आहे हे तू म्हणालीस. दादाभाऊ तसं म्हणाल्याचं तुझ्या पत्रात कुठे नाही.

तुझे दाजी बरे आहेत. संध्याकाळी अकबरभाईंच्या शिलाईच्या दुकानात बसतात आणि दोघे मिळून देश चालवतात. अकबरभाईंचं म्हणणं, कुठलाही उमेदवार एकतर येतो नाहीतर पडतो, म्हणजे प्रत्येकाची शक्यता निम्मी-निम्मी. मी विचारलं, एका जागेला सात जण उभे असतील तर साडेतीन निवडून येतात का? ते म्हणाले, भाभी, राजकारणात तसंही झालेलं आहे. एकतीस वर्षं गणित शिकवून माझ्या घरासमोर ही परिस्थिती आहे.

उत्तर पाठव. प्रकृतीला जप आणि बहिणीला विसरू नकोस.

तुझी,
मोहिनीताई


निरगुडसर,
८ जून २०२५

ती. सौ. मोहिनीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शेडमध्ये वाचून दाखवलं नाही, हे तुझं नशीब समज. लंकाबाईंना नुसतं सतराचं सांगितलं, तर म्हणाल्या, आकडेमोड ताईनं करावी, आमी चिठ्ठी उचलतो.

तीन शनिवार झाले. पहिली लंकाबाईंची निघाली. त्यांनी मिक्सर घेतला आणि गल्लीतल्या सगळ्यांना त्यात वाटलेली चटणी खायला लावली. तिसरी कालच, मंगलची. शनिवारी दुपारनंतर शेडमध्ये जे वातावरण असतं ते तू पाहिलं पाहिजेस. टोमॅटोसुद्धा कमी फुटतात. हे तुझ्या भागाकारात कुठे येतं ते सांग.

चिठ्ठ्यांचं विचारलंस. भिशी मी लग्न झाल्यापासून चालवते ताई. निघालेली चिठ्ठी बाजूलाच राहते, यात विचारायचं काय? सगळ्या जगात तसंच असतं.

निवडणुकीमुळे गावात जेवणावळी सुरू झाल्या आहेत. यांना टेम्पोवर कपबशीचा झेंडा लावायला सांगितलाय. समोरचं पॅनेल छत्रीचं. हे म्हणतात, झेंडा दोन्हीचा लावतो, टेम्पोला दोन बाजू आहेत.

रागावू नकोस. जीव लावतेस तसाच लावत जा.

तुझी,
उज्ज्वला


निरगुडसर,
६ जुलै २०२५

ती. सौ. मोहिनीताईस,
सा. न. वि. वि.

काल सातवी सोडत झाली. नातीने चिठ्ठी उचलली, मी उघडली. लंकाबाईंचं नाव.

आधी मला वाटलं जुनी चिठ्ठी चुकून राहिली असेल. डबा उपडा केला तर सगळी नावं आत. दर शनिवारी चिठ्ठी परत आत जात होती, ताई. माझ्याच डोळ्यांसमोर जात होती आणि मी पगार वाटायच्या घाईत होते.

शेडमध्ये जो गलका झाला तो लिहिता येत नाही. सखूबाई म्हणाली, मुकादमीणबाईंची जाऊ दोनदा निघते, आमची एकदाबी न्हाई, चिठ्ठी वाचणारी कोण हे आमाला दिसतंय. लंकाबाईंचं म्हणणं, देवाने दिलं ते परत करायला त्या देवापेक्षा शहाण्या नाहीत. पैसे ब्लाउजमध्ये ठेवून त्या निघून गेल्या. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ कुणी बसत नाही.

मी दादाभाऊंना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, भिशी म्हणून मी कधी म्हटलं? सोडत ती सोडत. दर शनिवारी नवा डाव, प्रत्येकीला पुन्हा संधी, यात वाईट काय? मी म्हटलं, बायकांना मी तसं सांगितलंय. तर म्हणाले, मग तुम्हीच समजूत घाला, मुकादमीचे तीन हजार कशाचे देतो? निवडणूक तीन आठवड्यांवर आहे, शेडमधून आवाज बाहेर जायला नको.

मला दोन गोष्टी सांग. यात कुणी लबाडी केली का? आणि माझ्या शब्दावर त्यांनी वाढ सोडली, आता मी काय करू? खरं सांगितलं तर मुकादमी जाईल आणि सोनलच्या मेसचं मला माहीत नाही. गप्प राहिले तर तुळशीच्या लग्नापर्यंत रोज त्यांच्यासमोर उभं राहायचं आहे.

लवकर लिही. या वेळी खोडलंस तरी चालेल.

तुझी,
उज्ज्वला


जुन्नर,
१० जुलै २०२५

चि. उज्ज्वला हिस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. चिठ्ठीत लबाडी झालेली नाही. चोवीस चिठ्ठ्या, प्रत्येक वेळी परत टाकायच्या, तर सात वेळांत एखादं नाव पुन्हा निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. शंभरात साठेक वेळा असं होईल. लंकाबाईंचं न होता सखूबाईंचं झालं असतं, तर हेच सगळं सखूबाईंनी ऐकून घेतलं असतं. आणि अशीच सोडत चोवीस शनिवार चालली तर साधारण आठ-नऊ जणींचं नाव एकदाही निघणार नाही. त्या कोण, हे दादाभाऊंनाही ठाऊक नाही. म्हणून त्यांना झोप लागते.

हे गुणाकार बायकांना समजावायला जाऊ नकोस. दहावीच्या पोरांना समजावताना माझा घसा बसायचा आणि त्यांची मिळकत त्यावर अवलंबून नव्हती.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. तीन हजार तुझे, शब्दही तुझा. मी इथे पेन्शनवर बसून तुला शूरपणा शिकवणं बरं दिसणार नाही. एवढंच म्हणते की दादाभाऊ खोटं बोललेले नाहीत. त्यांनी फक्त तुला बोलू दिलं.

तुझ्या दाजींनी हे सगळं अकबरभाईंना सांगितलं. भाईंनी शिवण थांबवली, बराच विचार केला आणि म्हणाले, लंकाबाईंना सोसायटीला उभं करा.

स्वतःला सांभाळ. आमचा जीव तुझ्यात आहे हे ध्यानात असू दे.

तुझी,
मोहिनीताई


निरगुडसर,
२७ जुलै २०२५

ती. सौ. मोहिनीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळेपर्यंत आणखी एक शनिवार गेला. नाव नवीनच निघालं, पण कुणी टाळी वाजवली नाही.

त्यापुढच्या शनिवारी, डबा उघडण्याआधी, मी बायकांना सांगितलं. चिठ्ठी परत जाते, जाणारच आहे, काहींचा नंबर कधीच लागणार नाही. दादाभाऊंनी भिशी म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं, आणि ते चूक होतं. दादाभाऊ टेबलापाशी उभे होते. सखूबाईने मला जे सुनावलं ते मी ऐकून घेतलं. त्यातलं एक वाक्य खरं होतं, की मुकादमी मिळाल्यावर माझे कान मालकाच्या बाजूला वळले. बाकीचं माझ्या माहेराबद्दल होतं, ते तुला कळवत नाही.

मग सोडत झाली. रुक्सानाचं नाव निघालं. तिने पैसे घेतले आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, मला हे एकटीला नको. लंकाबाई पंधरा दिवस एकट्या जेवतात ते मी बघते, मला माझा डबा असा खायचा नाही. चोवीस जणींत वाटा. सुट्टे नव्हते, म्हणून यांना टेम्पो घेऊन पेट्रोल पंपावर पिटाळलं. प्रत्येकीच्या हातात शंभराची एक नोट आली.

ताई, तू जे पानभर लिहिलं होतंस ते त्या नोटेत सगळ्यांना दिसलं. सखूबाईने नोट उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, आठवडाभराचं एवढंच? याच्यासाठी आपण पन्नास सोडले व्हय? लंकाबाई मात्र म्हणाल्या, वाटलं की मोल जातं. आपल्या वाट्याची नोट त्यांनीही घेतली.

सोमवारी शेडमध्ये कुणी बसलं नाही. मीही बाहेर फरशीवर बसले. आत माल कॅरेटमध्ये, दारात गाडी. दुपारी छत्रीवाले आले. फोटो काढू, पाठिंबा देऊ म्हणाले. सखूबाईने त्यांना विचारलं, पावणं, तुमच्या कांद्याच्या वखारीत बायांना रोज किती? तीनशे निघाला. चहा न घेताच गेले.

संध्याकाळी दादाभाऊ बाहेर आले. सोडत बंद, रोजात चाळीसची वाढ. पन्नास देणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. बायकांनी घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, उज्ज्वलाताई, उद्यापासून तुम्ही फळीवर बसा. आवाज चढवला नाही.

आता मी प्रतवारीला बसते, लंकाबाईंच्या शेजारी. तिथेच जागा रिकामी होती. त्या माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची ठाम समजूत आहे की तिसरी चिठ्ठीही त्यांचीच निघणार होती आणि मी ती घालवली.

तीन हजार गेले, चाळीस आले. तू हिशेब करशीलच. कर, पण मला कळवू नकोस. दाजींना नमस्कार. लोभ आहे, तो असाच वाढव.

तुझी,
उज्ज्वला


जुन्नर,
३ ऑगस्ट २०२५

चि. उज्ज्वला हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या दाजींना दोनदा वाचून दाखवलं.

हिशेब केला. कळवत नाही.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने येते. सोनलच्या मेसचं समोरासमोर बोलू आणि त्यात तू मला मध्ये थांबवायचं नाही. जेवायला लंकाबाईंना बोलाव. बोलत नसतील तरी बोलाव, मला त्यांच्याशी काम आहे. तिसरी चिठ्ठी निघण्याची शक्यता किती होती ते मी त्यांना सांगणार नाही. मिक्सरमधली चटणी मागणार आहे.

भेटीपर्यंत आमची आठवण जागी ठेव.

तुझी,
मोहिनीताई