रोध वाढला

१२ मार्च, दुपार

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. शेजारचे शिंपी परवा टेम्पो भरून गेले. गल्लीत उरलो आम्ही, आणि त्यांचं मांजर.

तुझं पत्र पोचलं. गेल्या आठवड्यात तू अंगणात सळ्या ठोकून, जमिनीत वीज सोडून मोजमाप घेतलंस, त्याचा निकाल. "बाबा, आपल्या घराखाली खडकाचा रोध फार वाढलाय. ताबडतोब निघा." पहिलं वाक्य आईला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि चष्मा पुसायला थांबलो. तेवढ्यात तिनं बांधलेली पेटी सोडलीसुद्धा. "ऐकलंत? रोध वाढला! खडक आगीला रोखून धरतोय. आता कशाला जायचं?"

समजावलं गं, अगदी तू समजावतेस तसं. खडकाच्या फटींतल्या पाण्यातून वीज वाहते. खालच्या कोळशाच्या खाणीतली आग जवळ आली की आधी ते पाणी तापतं, वीज सहज पळते, रोध उतरतो. गेल्या वर्षी उतरलाच होता. मग पाणीच उडून जातं, खडक कोरडा पडतो, वीज अडते. म्हणजे आग अडली नाही, आग पोचली. शाळेत आम्ही दगडाला पाझर फुटल्याच्या कविता ताल धरून म्हणायचो. पाझर आटल्याची एकही नव्हती.

"तुम्हाला कवितेतलं तरी कुठे कळायचं?" म्हणाली, आणि भांडी परत फळीवर लावू लागली.

आता लपवण्यात अर्थ नाही. तिला सगळं कळलंय. पेटी सोडायला निमित्त हवं होतं, ते तुझ्या शब्दानं दिलं. खाण बसली तेव्हा तुझ्या दादाला वर काढता आलं नाही, खाणीचं तोंडच बुजवून टाकलं. ती अजून त्याला घरातलाच धरते. स्वयंपाकघराची फरशी आता तळपायांना कोमट लागते. काल ती तिथेच बसून होती. म्हटलं, "अगं, ही खालच्या आगीची ऊब आहे." फरशीवर हात ठेवून म्हणाली, "असू दे. त्याला थंडी फार वाजायची."

ओढून नेण्याइतकं बळ नाही, टाकून येण्याइतकं मन नाही. तू ये. लवकर ये. आज मीही चपला काढून तिच्याशेजारी बसलो होतो, आणि उठावंसं वाटलं नाही.

तुझे,
अजून इथेच असलेले,
बाबा