चढायचा दोर ओढायला वापरला, त्याबद्दल

मृत्युपत्र लिहून ठेवणार: श्रीमती गिताबाई रखमाजी कोळपे, वय अंदाजे चौऱ्याहत्तर, धंदा शेती व दोर वळणे, राहणार निमोणे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे.

माझे डोके ठिकाणावर आहे, कान चांगले आहेत, गुडघे गेले आहेत. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगते आणि जालिंदर गुरुजी लिहितात. गुरुजींना माझे बोलणे धुऊन घ्यायची खोड आहे. त्यांना मी सांगितले आहे की शिवी गाळली तरी चालेल, राग गाळायचा नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला धाकटा मुलगा संपत दोनदा आला होता, चहा पिऊन गेला. हे मी शेजारी पोपटरावांच्या ओसरीवर बसून सांगते आहे, कारण माझ्या घरात थोरला मुलगा शंभू आहे आणि यातले काही त्याने माझ्या तोंडून ऐकायचे नाही.

कलम १. निमोणे येथील एक एकर दहा गुंठे जमीन माझ्या स्वतःच्या नावावर आहे. आमची मेंढरे विकली तेव्हा घेतली. ती शंभूला द्यावी. त्याच्याने आता नांगरणी होत नाही, वाट्याने लावावी. वाटेकरी संपत नसावा.

कलम २. नवा दोर, पट्टा, कड्या, दातांची मूठ आणि आठ, ही सगळी चढायची सामग्री शंभूची मुलगी हर्षदा हिला द्यावी. ती चढते. मुलीने झाडावर चढू नये असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या दारातले झाड स्वतः छाटावे.

या सामग्रीबद्दल लिहून ठेवणे भाग आहे, कारण संपतला यातले काही कळत नाही आणि झाडे छाटायचे ठेके मात्र तो घेतो.

आमचे मालक बाभळीवर, लिंबावर चढून मेंढरांना पाला पाडायचे. मी घायपाताच्या वाखाचा दोर वळायची आणि खाली धरून उभी राहायची. पुढे कारेगावला कंपन्या आल्या. कंपन्यांनी झाडे लावली, झाडे तारांना टेकली आणि शंभूला काम मिळाले. पुण्याहून गडावर चढणारी दोन पोरे आली होती, त्यांनी त्याला एका दोरावर चढायला शिकवले. दोर फांदीवरून टाकायचा, एक टोक बुंध्याला बांधायचे, दुसऱ्यावर माणसाने चढायचे. हातात धरायची लोखंडी मूठ दोरावर वर सरकते, खाली सरकत नाही, तिचे दात दोराला धरतात. उतरताना दोर आठच्या आकड्यासारख्या लोखंडी कडीतून, म्हणजे आठातून, घ्यायचा, म्हणजे माणूस सावकाश येतो.

शंभूचा दोर घ्यायला पुण्याला मी स्वतः गेले होते. दुकानदाराने लाल, देखणा दोर पुढे केला. मी त्याला पाय देऊन बघितले. ताणला जात होता.

तो म्हणाला, "आजी, हा चढणाऱ्यांसाठीच असतो. माणूस पडला की झटका दोरच खातो."

मी म्हणाले, "आमचा पडायला न्हाई चालला, फांदी तोडायला चाललाय. हातात करवत आन् दोर हातभर वर-खाली. मंग फांदी तुटंल का मांडी?"

त्याने मग न ताणला जाणारा पांढरा काढला. अकरा मिलिमीटर जाडीचा, वर विणलेले कातडे, आत गाभा. बारीक दोर मुठीतून निसटतो आणि फार जाड मुठीत बसत नाही, म्हणून मूठ आणि दोर एकाच वेळी घ्यावेत, एकमेकांना लावून बघावेत. वेगवेगळ्या दुकानांतून घेऊ नयेत. हर्षदाने हे ध्यानात ठेवावे.

तो दोर मी हाताने मोजून घेतला. शंभरावर सात हात भरला. दुकानदार हसत होता. मीटरने पन्नास म्हणाला. मी म्हणाले, तुझा मीटर तुझ्यापाशी.

प्रत्येक कामाआधी दोर माझ्या हातातून जायचा असा आमच्या घरचा नियम होता. डोळे मिटून चिमटीतून सगळा दोर ओढायचा. बाहेरचे कातडे चांगले दिसते, पण आत गाभा तुटला असेल तर तिथे बोटाला पोकळ लागते. ओला दोर तपासायचा नाही. ओला दोर फुगतो, बोटाला खोटे सांगतो. तो सावलीत वाळवायचा आणि मग तपासायचा. आणि चढायच्या दोराने दुसरे काही बांधायचे नाही, ओढायचे नाही, म्हैससुद्धा नाही.

कलम ३. आमच्या आळीतील सिंधूबाई हिने पाणवठ्यावर सांगितले की शंभू दारू पिऊन चढला होता. तिला काही देऊ नये. माझ्या तेराव्याला मात्र बोलवावे आणि पहिल्या पंगतीला बसवावे, म्हणजे लवकर जाईल.

कलम ४. माझे वाख पिळायचे लाकडी फिरके जाळावेत. आता कोणी वळत नाही. शोभेला भिंतीवर टांगलेले मला चालणार नाहीत.

कलम ५. राहते घर, तीन खोल्या. याचा निकाल संपतच्या हातात आहे, तो असा.

चार वर्षांपूर्वी ऊस तोडणीच्या दिवसांत संपतची ट्रॉली ओढ्याच्या चिखलात रुतली. सुभानभाई तांबोळी यांचा ट्रॅक्टर बोलावला. साखळी नव्हती. संपतने घरातून शंभूचा पांढरा दोर नेला आणि भरलेली ट्रॉली त्याने ओढून काढली. मग दोर धुतला, शंभूच्या पद्धतीने वेटोळे घातले आणि खुंटीला लावला. दुसऱ्या दिवशी कारेगावच्या एका कंपनीत निलगिरी छाटायची होती. दोर त्या झाडावर तुटला. शंभू वीस फुटांवरून खाली आला. कंबर मोडली, शुद्ध नव्हती. खाली संपत एकटा होता. दवाखान्यात त्याने सांगितले, "गाठ सुटली." गाठ शंभूने बांधली होती.

तुटलेला तुकडा त्याने कुठे टाकला ते मला ठाऊक नाही. उरलेला दोर घरी आला तो मी हाताने मोजला. एक्याण्णव हात. सोळा हात कमी. गाठ सुटून दोर आखडत नाही. पुढे सुभानभाईंनी ट्रॉलीची गोष्ट सांगितली. तेही दोन वर्षांनी, कारण त्यांना वाटत होते की आम्हाला माहीत आहे.

तेव्हापासून शंभू हर्षदाला चपलेचा पट्टासुद्धा बांधून देत नाही. म्हणतो, "माझ्या गाठीवर कुणी जाऊ नगा." माझ्या मुलाने दहा वर्षे बांधलेली एकही गाठ सुटली नव्हती, आणि त्याला घरात बसून वाटते की तो निष्काळजी आहे. संपत रोज संध्याकाळी येतो, त्याच्याशेजारी बसतो, दूध कितीला गेले ते सांगतो. एवढे एकच सांगत नाही.

म्हणून सांगते: संपतने शनिवारच्या आत शंभूच्या तोंडावर, मी जिवंत असताना, दोर कशाला वापरला आणि काय तुटले ते सांगावे. सांगितले तर दोन खोल्या त्याच्या, एक शंभूची. न सांगितले तर तिन्ही शंभूच्या आणि संपतने माझ्या तिरडीला हात लावू नये. तिरडी सुतळीने बांधतात, तिची मला काळजी नाही. हे कलम गुरुजींनी आजच संपतच्या घरी जाऊन वाचून दाखवावे. शंभूला आधी कोणी काही सांगू नये.

इथे गुरुजींनी लेखणी थांबवली आणि विचारले, "गिताबाई, दोर त्या दिवशी तुमच्या हातातून गेला नव्हता का?"

लिहा, गुरुजी. गेला होता. ओला होता. संपत म्हणाला, "आई, घाण लागलेली म्हणून धुतला, काल तर तू बघितलाय." कंपनीची जीप दारात हॉर्न वाजवत होती. मी अर्धा दोर ओढला आणि म्हणाले, जाऊ दे. नियम माझा होता आणि मोडला मी. संपतच्या आडोशाला मी चार वर्षे लपले.

वरील मजकूर दोनदा वाचून दाखवला, बरोबर आहे. रविवार, ता. ५ फेब्रुवारी २००६.

पुरवणी, रविवार, ता. १२ फेब्रुवारी २००६.

संपतने शुक्रवारी सांगितले. मी चुलीपाशी होते, ऐकू येत होते. शंभूने दुसरे काही विचारले नाही, एवढेच विचारले, "गाठ जाग्यावर व्हती?"

संपत म्हणाला, "बुंध्याला तशीच व्हती, दादा. मला सोडायला सुटंना. कापून काढली."

शंभू म्हणाला, "घरी जा, संपत." तो गेला.

तरी ठरल्याप्रमाणे दोन खोल्या संपतला द्याव्यात. माफ केले म्हणून नव्हे. माझा राग आहे तेवढाच आहे, त्यात काही कमी लिहू नये.

मग मी उठून शंभूपाशी गेले आणि ओल्या दोराचे सांगितले. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. ताट घेतो, खाली मान घालून जेवतो. काल हर्षदाला त्याने अंगणात बुंध्याची गाठ बांधून दाखवली, तीन वेळा, सोडून आणि परत बांधून. मी दारात उभी होते. त्याने मला बस म्हटले नाही.

त्याचे बरोबर आहे. मी मेल्यावर त्याला कोणी समजावू नये, आणि तो माझ्याशी बोलला नाही म्हणून त्याच्या वाट्यातले एक तसूही कमी करू नये.

ठिकाण: निमोणे.
निशाणी अंगठा: गिताबाई रखमाजी कोळपे. अंगठ्याच्या रेषा दोर वळून पुसल्या आहेत, म्हणून तीन वेळा उमटवला.
मजकूर लिहिणार: जालिंदर गुरुजी, सही.
साक्षीदार १: पोपटराव विठोबा गव्हाणे, सही.
साक्षीदार २: सुभान इस्माईल तांबोळी, सही.
आम्हा दोघांसमोर अंगठा केला. आम्हाला यातले काही मिळत नाही.