होडी ओढायला गॅस की डिझेल

राजमान्य राजेश्री भगवंतराव व्याही यांच्या सेवेशी,

देवासहून सुभाषचे नमस्कार. इंदूरच्या गर्दीत अडकले नाहीत तर पत्राबरोबरच धारला पोचतील. तुमचा गुडघा कसा आहे? इंदूताई विहीणबाईंचा खोकला थांबला का? वेदिका, स्वानंदराव आणि बाळ खुशाल असतीलच. आमची सौ. अलकाही सुखात असणार. लेकीच्या बाळंतपणापुरती म्हणून ती तिकडे आली, आता बाळ रांगत देवघरापर्यंत जातं असं ऐकतो, तरी तुम्ही तिला सोडत नाही, यावरून तुमच्या घरचा पाहुणचार कसा असेल ते कळतं. (ही तक्रार नव्हे. राहू दे हवं तितकं. इकडे माझं काही अडत नाही. परवा हळदसुद्धा सापडली.)

पत्राला निमित्त वाहनाचं आहे. तुमचा जन्म बदनावरच्या मंडीत सोयाबीनच्या गाड्या हाकण्यात गेला, म्हणून तुम्हालाच विचारतो : जड ट्रॉली मागे लावून ओढायची असेल तर छोटा ट्रक गॅसवरचा घ्यावा की डिझेलचा? ट्रॉलीवर होडी आहे.

देवासात होडी कशाला, हे तुम्ही विचारायच्या आत सांगतो, कारण गल्लीतल्या सगळ्यांचं विचारून झालं आहे. आमच्याकडे पाणी टँकरने येतं आणि तेही पोहण्याजोगं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण सेवानिवृत्त माणसाच्या हाताला काही काम हवं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. एकट्याने चालत गेलं की पुन्हा एकट्यानेच परत यावं लागतं, त्यात मन लागेना. म्हणून पत्रा आणला, अंगणात वेल्डिंग केलं, आणि होडी झाली. वल्ही मारण्याचा व्यायाम खांद्यांना चांगला म्हणतात. अडचण एवढीच, की आम्ही कारखान्यात उभा जन्म बॉयलर दुरुस्त केले. होडीही त्याच हाताची झाली. रंग देताना चौघांनी ती सरकवून पाहिली, तर चौघेच सरकले. तीवरच्या शिड्या, नांगर आणि खालची ट्रॉली धरली तर वजन म्हशीच्या गोठ्याएवढं भरेल, म्हशींसकट.

तेव्हा आधी शोरूममध्ये गेलो. तिथे शिखा नावाची चुणचुणीत मुलगी आहे. म्हणाली, "काकाजी, गॅस लो. कम खरचा, धुआँ नहीं." मी म्हटलं, ओढायचं आहे. "क्या खींचना है?" मी म्हटलं, "नाव." तिला चार मराठी शब्द येतात, त्यातला नेमका हा एक. लाजून म्हणाली, "मेरा? शिखा." मग मी दोन्ही हातांनी वल्ही मारून दाखवली. शोरूममधले सगळे बघत होते. पण पोरगी गुणी, हसली नाही. चालवून बघायला गॅसची गाडी दिली, सोबत ड्रायव्हर दिला.

गणपतीचे दिवस होते. नदीला पूर, म्हणजे होडी पाण्यात उतरवायची नव्हतीच, नुसती नर्मदेच्या वाटेने थोडी ओढून बघायची होती. शेजारचा चिराग बरोबर आला. (हा कांद्याचा व्यापार करतो आणि दुसऱ्याच्या गाडीत बसायला मिळालं की दुकान बंद ठेवतो.) सपाट रस्त्यावर गाडी अशी गुमान चालली, की मी मनातल्या मनात तुमच्या डिझेलला दोन शब्दही सुनावले. हाटपिपल्याला चहाला थांबलो आणि घोटाळा झाला. लोकांना वाटलं, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतली झांकी, म्हणजे चित्ररथच निघाला. "भिया, किस अखाड़े की हे?" म्हणत बघता बघता माणसं जमली. एका बाईंनी नारळ फोडला. दोघींनी लेकरं होडीत बसवली आणि फोटो काढले. मी सांगतोय, अहो, ही झांकी नाही, खरी होडी आहे, लोखंडाची. त्यावर एक म्हातारबा शांतपणे म्हणाले, "अपने यहाँ तो नरसिंग भगवान की पत्थर की मूरत तैरती हे, लोहे की क्या बात!" (हाटपिपल्याला ती दरवर्षी खरंच नदीत तरंगवतात.) होडीला हार घालून घेतला आणि निघालो.

पुढे चढ लागला. अर्ध्यावर गाडीचा आवाज बारीक झाला, मग रडवा झाला, मग ती थांबलीच. ड्रायव्हर म्हणाला, गॅस संपत आला. वजनाने जास्त प्यायली. गॅसचा पंप कुठे? मागे देवासला. आणि तिथे रिक्षांची रांग अशी, की माणूस दाढी करून गेला तर परत दाढी करायची वेळ येते. आम्ही चाकांखाली दगड लावले. ड्रायव्हर ट्रॅक्टर शोधायला गेला. मला उभं राहवेना, म्हणून होडीत चढून बसलो.

व्याहीबुवा, उंचावरून सोयाबीनचं शेत कधी बघितलंत? तुमच्या दृष्टीने तो भाव असणार. पिवळट पडायला लागलं होतं, आणि वारा आला की या बांधापासून त्या बांधापर्यंत लाट जायची. एक गेली की दुसरी. होडीही जराशी हलली, (दगड सरकला होता, ते नंतर कळलं,) आणि मला अगदी पाण्यावर असल्यासारखं वाटलं. "बघितलंस का," असं म्हणत मी शेजारी वळलो. तर चिराग. कचोरी खात होता. म्हणाला, "क्या, अंकल?" मी म्हटलं, काही नाही. अर्धी कचोरी त्याने मला दिली. चांगला मुलगा आहे, पण प्रत्येक गोष्ट काही प्रत्येकाला दाखवता येत नाही.

ट्रॅक्टरने आम्हाला परत आणलं. चिराग म्हणाला, "अंकल, डीजल तो डीजल हे," आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची कांद्याची गाडी घेऊन आला. चोरी होऊ नये म्हणून मी ट्रॉली साखळीने अंगणाच्या फाटकाला बांधून ठेवतो. हे मी विसरलो. पण मी म्हणतो, गाडीने तरी आठवण करून द्यावी की नाही? गॅसची असती तर जागच्या जागी कण्हली असती. डिझेलच्या गाडीला काही कळलंच नाही. आम्ही मजेत चौकापर्यंत गेलो. तिथे हवालदाराने थांबवून अदबीने विचारलं, की होडी समजली, पण हे मागे फाटक कशासाठी? चिरागने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "उतरायला." त्याने आम्हाला जाऊ दिलं.

तर असा पेच आहे. गॅसची गाडी होडी ओढेना, डिझेलची घरदारही ओढून नेईल. शिखा म्हणते, काकाजी, वजन कम करो. चिराग म्हणतो, साखळी कमी करा. तुमचा अनुभव काय सांगतो ते सविस्तर कळवावं. थोरामोठ्यांना नमस्कार, बाळाला गोड पापा. लोभ आहेच, तो आणखी वाढला तर ओढायला डिझेल लागेल.

आपला,
सुभाष

ता. क. : खरं सांगायचं तर मला कुठलीच गाडी विकत घ्यायची नाही. या वयात होडी शोभली, तेवढं पुरे. बदनावरच्या गोदामात तुमची जुनी डिझेल गाडी उभी असते, मागे हूक असलेली. पूर ओसरला की एका दिवसासाठी ती इकडे पाठवाल का?

दुसरा ता. क. : गाडी रिकामी पाठवू नये. मागे जड ट्रॉली असली की पुढे थोडं वजन लागतं, नाहीतर गाडी नाक वर करते. ड्रायव्हरशेजारी एखादं माणूस बसवावं. साधारण सौ. अलकाएवढं वजन पुरे.

तिसरा ता. क. : तुमची शाळा हिंदीतली, त्यात माझं अक्षर, त्यामुळे देवासचं पत्र सौ. अलकाच सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते, असं वेदिकेने मला फोनवर सांगितलं आहे. तेव्हा, अलके, इथून पुढचं मनातल्या मनात वाच.

नर्मदेवरचा खलघाटचा पूल आला की तू बसमध्ये उठून खिडकीपाशी जातेस आणि नदी संपेपर्यंत परत येत नाहीस. गुहागर सोडून आलीस त्याला इतकी वर्षं झाली, समुद्राचं नाव कधी काढलं नाहीस. पण पुलावर तुझी पाठ मला दिसते. होडी त्याच्यासाठी आहे, व्यायामासाठी नाही. फोनवर हे सांगायला गेलो की बाळ रडतं आणि तू म्हणतेस, बोला लवकर. हे लवकर बोलता येत नाही. भात अजून दोघांचाच लावतो. सकाळी त्याला फोडणी देतो. फोडणीचा भात मला आता अजिबात आवडत नाही. तुला तिकडून निघवत नसेल तर नर्मदा तुमच्या धार जिल्ह्यातही आहे. मी होडी घेऊन तिकडे येतो. मग राहीन म्हणशील तितके दिवस. फक्त ये म्हण.

आता मोठ्याने : सर्वांना पुन्हा एकदा नमस्कार, आणि भगवंतरावांनी गुडघ्याला तेल लावत जावं.