पडद्यावर न दिसलेला ठिपका

११ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच आणि तिची कुरकुरही आहे तशीच. भाचीच्या दातांना तार बसली का?

मला ऑफिसची किळस यायला लागलीय. भाऊजींचीही. लिहिलं एकदाचं.

आमच्या, म्हणजे भाऊजींच्या कंपनीचं सॉफ्टवेअर इस्पितळात औषधांचे डोस दाखवतं, हे तुला ठाऊकच आहे. मध्यंतरी त्यांनी त्याला नवी थीम चढवली. जांभळा रंग, नाजूक अक्षरं. ‘कसं झक्कास दिसतंय!’ म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर ते झक्कासच दिसतं. वॉर्डातल्या जुन्या, छोट्या पडद्यावर मात्र आकडे एकमेकांना चिकटतात आणि दशांशाचा ठिपका गायब होतो. मी तिथे जाऊन पाहिलं. फॉन्ट पुन्हा बसवला, अक्षरं मोठी केली, पडद्याचा ड्रायव्हर प्रोग्रॅम बदलला. कशानेही फरक पडेना. थीम काढली, तेव्हा कुठे ठिपका दिसला. भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, ‘थीम परत चढव आणि मशीन बंद करून चालू करायला सांग त्यांना. आणि तुला ना, सौंदर्यदृष्टीच नाही!’

मग एका नर्सने अडीचच्या जागी पंचवीसचा डोस दिला. एक आजोबा मरता मरता वाचले.

नर्स निलंबित झाली. चौकशी समितीपुढे भाऊजींनी ऑफिसच्या पडद्याचा फोटो ठेवला. बाहेर येऊन म्हणाले, ‘बाईचं लक्ष नव्हतं, त्याला आपण काय करणार?’ वर सगळ्यांना चहा मागवला. मी माझा कप तसाच ठेवून उठले. उद्या माझी साक्ष आहे. वॉर्डातही असंच दिसतं, असं सांगायचंय म्हणे. ‘घरची आहेस, घरच्यासारखी बोल.’

शी! असलं बोलताना माणसाला काहीच कसं वाटत नाही गं?

मी तसं बोलणार नाही. वॉर्डातल्या हेड नर्सना विचारून तिथला तोच संगणक, तोच पडदा समितीच्या टेबलावर मांडणार आहे. त्यांनी स्वतःच वाचून बघावं. कंपनी बुडेल, भाऊजींवर खटलाही होईल. तुझ्या संसाराला झळ लागणार, हे कळतंय मला. कळूनही मागे फिरणार नाही.

पत्र मिळेल तोवर साक्ष झालेली असेल. मुद्दामच फोन केला नाही. तू रडली असतीस, तर मी उद्या गप्प बसले असते.

दार उघडशील तर तुझीच,
धाकटी