आदर्श नवनगरचा प्राचीन इतिहास

औरंगाबाद,
८ नोव्हेंबर १९८७

ती. दमयंतीताईस,
धाकट्या अनंताचा सा. न. वि. वि.

तू दिवाळी करून सिल्लोडला परतलीस आणि घर सुनं झालं. मीनाक्षी म्हणते की वन्सं होत्या तोवर तुम्ही निदान दोन वेळा तरी हसलात.

आता बातमी. आपल्या वसाहतीला, म्हणजे आदर्श नवनगरला, दहा वर्षं होतायत. त्यानिमित्त प्रजासत्ताकदिनी मंत्रिमहोदयांच्या हस्ते स्वागत कमानीचं उद्घाटन आहे आणि एक स्मरणिकाही निघणार आहे. तिच्यात नगराचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. कमिटीचे सेक्रेटरी नानासाहेब स्वतः घरी आले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ नळाला पाणी का येत नाही एवढं सोडून सगळं सांगू शकतो. ते म्हणाले, जन्मभर मराठी शिकवलेला मास्तर नगरात राहतो आणि नगराला इतिहास नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

मी म्हटलं, दहा वर्षांत रस्ता झाला, मग पाइपासाठी खोदला, मग पुन्हा झाला, मग टेलिफोनवाल्यांनी खोदला, यापलीकडे काय लिहू? त्यावर ते म्हणाले की मागं जा. एखादा राजा इथून गेलाच असेल. घोड्याला पाणी पाजायला थांबला असं लिहा, घोडा कुठंतरी पाणी पितोच. मी हसलो, पण खोटं कशाला सांगू, मोह झालाय. रोज ग्रंथालयात जातो आणि घोडा शोधतो.

गुडघ्याला तेल लावतेस ना? लोभ आहेच, माझ्या मूर्खपणानं तो आटू देऊ नकोस.

तुझा,
अनंत


सिल्लोड,
१६ नोव्हेंबर

चि. अनंतास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारची सरूबाई काय झालं म्हणून बघायला आली. तिला घोड्याचं सांगितलं. ती म्हणाली, मास्तरला म्हणावं घोडा पाणी पिऊन गेला असंल, लीद पडली असंल, ती बघा.

अरे, तू त्या नगरात आठ वर्षं राहतोस. तुझ्या भिंतीला भिंत लावून नसीम खाला राहते. दिवाळीत दोन दिवस मी तिच्या शिलाई मशीनजवळ बसून गप्पा मारल्या आणि तू विचारलंस की त्या बाईंचं आडनाव काय. समोरच्या सिंधी दुकानदाराची आई अजून झोपेत सिंधमधल्या सख्खरचं नाव घेते. वरच्या मजल्यावरची केरळची नर्स नाताळला केळ्याच्या चकत्या तळून तुमच्याकडे देते आणि तुम्ही त्या खाऊन डबा परत करता. इतक्या मुलखांची माणसं एका गल्लीत, आणि तू ग्रंथालयात घोडा शोधतोयस. आधी खालाकडे जा. चहा देईल, तो नको म्हणू नकोस.

गुडघा आहे तसाच आहे, तेलानं फक्त लुगडं तेलकट झालंय. मीनाक्षीला आशीर्वाद. माया तुझ्यावर आहे म्हणून बोलते, एरवी लई माणसं आहेत बोलायला.

तुझी,
ताई


औरंगाबाद,
१३ डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

खालाकडे गेलो, चहा घेतला, दोन तास बसलो. तिचे वडील शहरात नावाजलेले शिंपी होते. निजामाच्या अमलात बड्या लोकांच्या शेरवान्या शिवायचे. पोलीस ॲक्शन झाली आणि शेरवानी शिवणं एकदम थांबलं. वडील घाबरले, की आता खायचं काय. महिन्याभरात तीच गिऱ्हाइकं खादीचं कापड घेऊन आली. वडिलांनी टेप काढली तर मापं तीच, पोटाचा घेरही तोच. फक्त कॉलर बदलली, असं ते मरेपर्यंत सांगत. खाला हे सांगताना हसत होती, आणि मग म्हणाली की सगळ्यांची कॉलर बदलून नाही भागली, मास्तर, काही लोक गेलेच. कुठं गेले ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

खालानंच मला चतुराबाईकडे पाठवलं. बागेसाठी राखीव मोकळ्या जागेत पत्र्याचं घर आहे, दारात शेळ्या असतात, तिथं राहते तीच ती. आपलं नगर होण्याआधी इथं निंबवाडी होती, वीसेक घरांची. चतुराबाई नवरी होऊन आली ती याच वाडीत. जमिनी गेल्या, घरं पडली, माणसं पांगली. नवरा गेल्यावर हिला कुठं जायचं सुचलं नाही म्हणून राहिली. मी विचारलं की तुम्हाला कुणी हटवलं नाही का? तर म्हणाली, नानासाहेबाचं घर व्हईस्तवर मी दिसतच नव्हते कुणाला. सध्या नानासाहेबांचा दिवाणखाना आहे तिथं वाडीचा उकिरडा होता, हेही तिनं मोठ्या आदरानं सांगितलं.

मी मीटिंगमध्ये जाहीर केलं की नगराची मूळ रहिवासी सापडली. नानासाहेब उठून उभे राहिले. मंत्र्यांच्या हस्ते शाल-श्रीफळ असा ठराव टाळ्यांत पास झाला. त्याच्या पुढचा ठराव होता, मंत्री येण्याआधी बागेच्या जागेतलं अतिक्रमण हटवणे. तोही टाळ्यांत पास झाला. मी उठून सांगितलं की अहो, ही एकच बाई आहे. नानासाहेबांनी मला शांतपणे समजावलं, की इतिहास वेगळा आणि अतिक्रमण वेगळं, दोन्ही फायली वेगळ्या आहेत.

ताई, मला झोप लागत नाही. तिला अजून काही माहीत नाही. तिनं कालच मेथीची जुडी आणून दिली.

उत्तराची वाट पाहतो. मनात जागा ठेव,
अनंत


सिल्लोड,
१९ डिसेंबर

चि. अनंतास आशीर्वाद.

म्हणजे शाल पांघरून हाकलणार! थंडीचे दिवस, तेवढाच विचार केला म्हणायचा.

आधी तिला जाऊन सगळं सांग. तिचं घर आहे, तिला कळलं पाहिजे. आणि कमिटीशी भांडू नकोस, तुला भांडता येत नाही, तू वाक्य पूर्ण करत बसतोस तोवर समोरचा जिंकतो. त्यांना थोरपणाची भूक आहे ना? मग वाढ. त्या पत्र्याच्या घराचं असं वर्णन लिही की ते पाडताना त्यांचेच हात लटपटले पाहिजेत. निंबवाडीचं शेवटचं घर, नगराचं मूळ, जे सुचेल ते लिही. आणि ते मंत्र्याच्या भाषणात घाल. मंत्री भाषण स्वतः लिहीत नसतो एवढं सिल्लोडलाही माहीत आहे.

घाईत आहे. तब्येत सांभाळ, मला सांभाळायला तूच उरलायस.

ताई


औरंगाबाद,
७ फेब्रुवारी १९८८

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझी युक्ती इतकी यशस्वी झाली की मला तोंड दाखवायला जागा नाही.

मी तुझ्या सांगण्याप्रमाणे आधी चतुराबाईला सगळं सांगितलं, मग लिहिलं. भाषण तयार करण्याचं कामही नानासाहेबांनी माझ्याच गळ्यात घातलं होतं. मंत्र्यांनी ते वाचलं आणि मधेच स्वतःच भारावून कागद बाजूला ठेवला. पुढचं ते आपल्या मनानं बोलले. हे घर म्हणजे या मातीचा ठेवा आहे, त्याच्या पत्र्यालाही धक्का लागता कामा नये, असं त्यांनी जाहीर केलं. चतुराबाई शाल पांघरून खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. मी मीनाक्षीकडे पाहून मिशीत हसलो.

पुढच्या आठवड्यात मजूर आले. घराभोवती तारेचं कुंपण झालं, फाटक लागलं, फाटकाला कुलूप, आणि वर निळी पाटी: ऐतिहासिक वास्तू. आत राहणे, स्वयंपाक करणे व जनावरे बांधणे यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.

चतुराबाई शेळ्या चारून आली तर बाहेर. तिला पाटी वाचता येत नाही, मला वाचून दाखवायला लावली. मी वाचली. ती म्हणाली, मास्तर, तुम्ही लई चांगलं लिहिलं व्हय माझ्याबद्दल? यात टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

ती खालाकडे झोपते, शेळ्या नर्सबाईंच्या जिन्याखाली. नानासाहेब म्हणतात, अर्ज करा, पुढच्या मीटिंगमध्ये विचार करू. तिला पहारेकरी म्हणून ठेवता येईल, पण तिनं सहा वाजता घरी जायला हवं. घरी म्हणजे कुठं, हे मी विचारलं. ते म्हणाले, तो तिचा खासगी प्रश्न.

मीनाक्षी माझ्याशी बोलत नाही. तू तरी बोल.

अनंत


औरंगाबाद,
२८ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं रागाचं पत्र मिळालं. त्यातलं शेवटचं वाक्य, की लिहिणं पुरे, आता हात चालव, ते मी दोनदा वाचलं. मग मीनाक्षीचा वरवंटा घेऊन भर दुपारी गेलो आणि कुलूप फोडलं. पहिला घाव अंगठ्यावर बसला, म्हणून अक्षर असं आहे. मागून खाला, मीनाक्षी, नर्सबाई आणि दुकानदाराची सून अशा आल्या. त्यांनी घर झाडलं. चतुराबाईनं चूल पेटवली आणि भाकरी थापायला बसली.

तेवढ्यात नानासाहेब एका वार्ताहराला ठेवा दाखवायला घेऊन आले. तुटलं कुलूप, धूर, शेळ्या, माझ्या हातात वरवंटा. मी मनात म्हटलं, आता पोलीस. वार्ताहरानं विचारलं की ही बाई इथं राहते का? नानासाहेब एकदा चुलीकडे बघून म्हणाले, अर्थात! जिवंत इतिहास ही आमच्या कमिटीचीच कल्पना. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, भाकरी थापणारी चतुराबाई आणि तिच्या शेजारी उकिडवे बसलेले नानासाहेब. आता ती तिथंच राहते, कमिटीच्या कृपेनं. पाटीचा पत्रा शेळ्यांवर आडोशाला लावलाय.

मला वाटलं गोष्ट संपली. पण चतुराबाईनं विचारलं की मास्तर, माझं लिहिलं, वाडीतली बाकीची कुठं गेली ते नाय लिहिलं? मला माहीत नव्हतं. म्हणून काल तिच्याबरोबर शेंद्रा गावाला गेलो. तिची जाऊ आवडाबाई वाडी उठल्यावर तिकडं गेली. तेव्हापासून दोघींची भेट नाही, कारण इकडून कुणी गेलं नाही आणि तिकडून कुणी आलं नाही.

आवडाबाई शेतात होती. तिनं जावेला ओळखायच्या आधी मला पाहिलं, चष्मा, पिशवी, खिशाला पेन, आणि ती जागची उठून मागं सरकली. तिथंही जमीन घ्यायला मोजणीची सरकारी माणसं येऊन गेलीत म्हणे. चतुराबाईनं लांबूनच ओरडून सांगितलं, की भिऊ नको, ह्यो मोजणारा नाय, कुलूप फोडणाऱ्यातला हाये.

मग दोघी बांधावर बसून खूप वेळ रडल्या आणि मी पेन पिशवीत ठेवून दिलं.

गुडघा चालू लागला की ये. तुझ्यावाचून मी पुन्हा नुसतं लिहीत बसेन, तेव्हा रागावत राहा.

तुझाच,
अनंत