बसस्थानकाचं कुलूप

बाबा,

तुमचा थर्मास सापडला. खरं तर तो हरवलाच नव्हता. तुम्ही गेल्यावर आईने कपाटामागे, माळ्यावर, शेजारच्या काकूंकडेसुद्धा शोधला आणि मग शोधणं सोडून दिलं. तो तुमच्या कार्यालयातच राहिला होता, आणि तिथून तो तुमच्या हाताखालच्या मॅडमकडे गेला. आता त्या माझ्या वरिष्ठ आहेत. मी त्यांच्या पथकात आहे, आणि तपासणीला निघालो की गाडीत तो थर्मास त्यांच्या मांडीवर असतो. निळा रंग बराच उडालाय, पण झाकणावरचा पोचा तसाच आहे. तो माझ्यामुळे पडला होता हे त्यांना माहीत नाही. निदान एक गोष्ट तरी त्यांना माहीत नाही.

त्यांना तुम्ही पहिल्यांदा घरी आणलंत तेव्हा मी पाचवी-सहावीत असेन. पारशिवनीकडच्या खेड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, परीक्षा देऊन तुमच्या हाताखाली लागलेली, आवाज खणखणीत. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "सर, तुमची पोरगी लय चूप राह्यते हो," आणि तुम्ही हसलात. घरी तुम्ही फारसे हसत नसायचात, म्हणून ते लक्षात राहिलं. दौऱ्याच्या सकाळी चहा आई करायची आणि थर्मास मी भरायचे. त्याला दोन झाकणं होती, आतलं आणि बाहेरचं, दोन्ही कपासारखी. आतलं तुमचं, हे ठरलेलं होतं. बाहेरच्या झाकणातून कोण पितं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. संध्याकाळी दोन्ही घासायला माझ्याकडेच यायची. बाहेरच्या झाकणाला मी जास्त वेळ घासत असे.

एकदा मी म्हटलं होतं, मलाही न्या. तुम्ही बुटाची लेस बांधत होता. "तुह्यं काय काम वं तिथं? तिथं काय नाटक लागलं आहे?" त्या दिवशी तुम्ही नव्याने बांधलेल्या एका सांस्कृतिक भवनाच्या तपासणीलाच चालला होता. शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून, माईकशिवाय बोललेलं तिथपर्यंत पोचतं का, हे तुम्ही पाहिलंत. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, तेही त्यांच्याकडून. रंगमंचावर उभं राहून त्या बोलत होत्या. मला शाळेत पाठांतराचं बक्षीस होतं, बाबा. मीही बोलू शकले असते.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. पुढे स्थापत्य अभियंता झाले आणि तांत्रिक तपासणीसाठी तुमच्याच लेखापरीक्षण खात्यात आले. रस्ते, बसस्थानकं, सांस्कृतिक भवनं, सरकारी जाहिरातींचे फलक. जनतेच्या पैशातून जे झालं असं कागद सांगतो, ते जमिनीवर आहे का, एवढंच पाहायचं. मला काँक्रीटवर हातोडा मारून त्याची ताकद काढता येते, भिंत न फोडता आतली सळई शोधता येते. तुम्हाला यातलं काही येत नव्हतं. तुम्ही हिशेबाचे माणूस, नुसतं बघायचात. तरी कार्यालयात जुनी माणसं माझं काम पाहून तुमचंच नाव काढतात. त्यातही तुमचा तो नियम: ज्याची तपासणी करायची त्याचा चहा सोडा, पाणीही प्यायचं नाही. बाकीचे चहाला नको म्हणतात आणि पाण्याचा ग्लास उचलतात. मी पाणीही घेत नाही, स्वतःची बाटलीसुद्धा दिवसभर फारशी उघडत नाही. "वडिलांवर गेली," असं म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, म्हणून मी ते कधी दुरुस्त केलं नाही. खरं कारण नियम नाही. खरं कारण तुम्हीसुद्धा विसरला असाल, असं मी धरून चालले होते.

मी आठेक वर्षांची आहे. आपण तिघं बसने मामाकडे निघालोय. मधल्या एका स्थानकावर बस थांबते आणि मी तुम्हाला हळूच सांगते. आई मला घेऊन जाते. 'महिलांसाठी' असं लिहिलेल्या दाराला कुलूप. आई दोघा-तिघांना विचारते. किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. आम्ही परत येतो, कंडक्टर घंटी मारतो, आणि तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणता, "घरून जाऊन याले काय झालं होतं? आता बस चूप." मी चूप बसते. पुढच्या स्थानकाच्या आधीच माझा फ्रॉक ओला होतो, सीट ओली होते. आई पदराने पुसते. तुम्ही खिडकीबाहेर बघता आणि मामाचं गाव येईपर्यंत तोंड वळवत नाही. त्यानंतर प्रवासात मी पाणी पीत नाही. आपल्या घरात त्या दिवसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या महिन्यात आम्ही एका तालुक्याच्या गावी नव्याने दुरुस्त केलेलं बसस्थानक बघायला गेलो होतो. मे महिना, पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. तिथला स्थानकप्रमुख थंड पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे मागे. "घ्या ना मॅडम, पाणीच तर आहे. पाण्याची काय लाच होते का?" मॅडम म्हणाल्या, "होत नाही भाऊ. पण आमचं पाणी आमच्यासंगं असते. तुम्ही ते महिलांचं प्रसाधनगृह दाखवा." कागदावर ते पूर्ण होतं आणि वापरात होतं. दाराला कुलूप होतं.

"किल्ली?"

"वॉचमनजवळ आहे मॅडम."

"वॉचमन कोठी आहे?"

"जेवाले गेला."

"मंग येऊ द्या त्याले जेवून. आम्ही बसतो." असं म्हणून त्या दारासमोरच्या पायरीवर खरंच बसल्या, साडीचा घोळ आवरला आणि थर्मास उघडला. मी उभी राहिले. बाकावरची एक म्हातारी आमच्याकडे आशेने बघत होती. "भेटली का वं बाई किल्ली?" मॅडम म्हणाल्या, "भेटते आता, माय. भेटल्याबिगर मी काही उठत नाही."

मग चहा ओतता ओतता त्या माझ्याशी बोलायला लागल्या. "मले सरांनी पहिल्यांदा दौऱ्यावर काहून नेलं, माहीत आहे का? मले वाटलं, मी हुशार आहे म्हणून." त्या हसल्या. "याच्यासाठी नेलं. बायांच्या दाराच्या आत सरांना जाता येत नव्हतं. आत जाऊन पाहाले बाई पाह्यजे होती. मी चिडलीच. म्हटलं, सर, मी काय संडास मोजाले परीक्षा दिली? तर म्हणे, बस, सांगतो." आणि त्यांनी मला माझीच गोष्ट सांगितली. बस, कुलूप, कंडक्टर, ओला फ्रॉक. त्यांनी पुढेही सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. "सर म्हणे, मी पोरीवर ओरडलो. ओरडाचं कोणावर होतं आणि ओरडलो कोणावर. म्हणे, मी खिडकीकडून तोंड फिरवलं नाही, काहून का पोरगी माह्याकडे पाहून राहिली होती." त्यांनी आतलं झाकण माझ्यापुढे धरलं. "घे. सरांचं आहे."

त्यांना वाटलं असेल, मला बरं वाटेल. मी त्यांच्याकडे न बघता झाकण घेतलं. बाबा, मला बरं वाटलं नाही. ते वाक्य माझं होतं. मी ज्याची वाट बघत होते हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं, ते तुम्ही बोलला होता, नीट, स्पष्ट शब्दांत, आणि भलत्याच माणसाजवळ बोलला होता. मी शेजारच्या खोलीत अभ्यास करत असायचे. घर दोन खोल्यांचं होतं. त्या खोलीपर्यंत तुम्हाला येता आलं नाही, आणि त्यांना घेऊन तुम्ही जिल्ह्यातलं प्रत्येक कुलूप उघडत फिरलात. त्या माझ्याहून मोठ्या आहेत, चांगल्या आहेत, त्यांनी मला कधी कमी लेखलं नाही. त्यामुळे तर जास्तच जड जातं. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं असतं.

वॉचमन आला. दार उघडलं. आत छतापर्यंत जुन्या सांस्कृतिक महोत्सवाचे आणि सरकारी योजनांचे फ्लेक्स रचून ठेवले होते. ते बाजूला करायला लावले तर मागे टाइल्स छान होत्या, संडासाचं भांडंही बसवलेलं होतं. मी बाहेर जाऊन सांडपाण्याच्या चेंबरचं झाकण उचलायला सांगितलं. आत सिमेंट पांढरं, कोरडं. तिथून थेंबभर पाणी कधी गेलं नव्हतं. पाइपच जोडलेला नव्हता. मी ते सांगितलं तेव्हा स्थानकप्रमुख म्हणाला, "उद्याच जोडतो मॅडम," आणि मॅडम म्हणाल्या, "उद्याचं उद्या पाहू. आज कागदावर वापरात कसं आहे ते लिहून द्या." बाकावरची म्हातारी दारापर्यंत आली, आत डोकावली, फ्लेक्सवरच्या हसऱ्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि बसस्थानकाच्या मागच्या बाजूला निघून गेली. मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. तुम्ही कसे बघायचात, ते मला त्या क्षणी दिसलं. त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. माझ्या चेहऱ्यावर ते आहे का, मला माहीत नाही.

आता मुद्द्यावर येते. या दौऱ्याच्या आधी मी बदलीचा अर्ज दिला होता, वीजप्रकल्पांची तपासणी करणाऱ्या पथकात. कारण तांत्रिक लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. तिकडे माझ्या शिक्षणाला जास्त काम आहे. पण अर्ज दिला तो त्यांच्या गाडीत रोज तुमच्या गोष्टी ऐकवेनात म्हणून. सर असं म्हणत, सरांनी तसं केलं. परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, "तुहा अर्ज माह्या टेबलावर आहे. सोमवारी पाठवून देऊ का वर?"

मी म्हटलं, "थोडं थांबा, मॅडम."

"काहून? मन पलटलं?"

"या स्थानकाचा अहवाल व्हायचाय."

त्यांनी मान हलवली. अहवाल मी त्या आठवड्यात पूर्ण केला. अर्ज अजून त्यांच्या टेबलावर आहे आणि मी अजून त्यांच्या पथकात आहे. तुम्ही त्यांच्याकडे अजून किती उरला आहात, याचा मला अंदाज नाही. जितके असाल तितके सगळे ऐकून घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही. माझ्या मनात त्यांच्याविषयी माया उपजली असं कुणी समजू नये.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि ज्यांच्या हाती देता आलं असतं त्यांना मी ते देणार नाही. काल गाडीत त्यांनी थर्मास पुसता पुसता झाकणावर बोट ठेवलं. "हा पोचा कशाचा असेल? सरांनी कधी सांगितलं नाही." मला आपल्या घराच्या पायऱ्या आठवल्या. भरलेला थर्मास माझ्या हातून पडला होता, आता ओरडणार म्हणून मी अंग चोरलं होतं, आणि तुम्ही नुसते खाली बसलात. गळतो का ते बघायला तुम्ही दोन्ही झाकणांत चहा ओतलात, बाहेरचं माझ्या हातात दिलंत, आणि तुमची बस चुकली तरी आपण दोघं पायरीवर बसून तो संपवला. तुम्हीही ते त्यांना सांगितलं नव्हतं तर.

मी म्हटलं, माहीत नाही.