डावखुऱ्याचा बिल्ला

माझ्या बाळकाका,

काल तुझं तेरावं झालं, आणि काल मी पुन्हा एकदा तुझ्या नावावर सगळ्यांना हसवलं. म्हणून आज हे पत्र लिहायला बसले आहे.

जेवणं उरकली होती. बायका पानं उचलत होत्या, पुरुष सुपारी कातरत बसले होते, आणि तुझ्या फोटोकडे बघायचं सगळेच टाळत होते. तेवढ्यात आपला संजू म्हणाला, "ताई, तो बिल्ल्याचा किस्सा सांग ना. काकाला जाम आवडायचा." आणि मी सांगितला की! नेहमीसारखा, हातवारे करून, तुझी नक्कल करून. शेवटचं वाक्यही नेहमीचंच: "माझ्या काकाने जन्मात एकच नकली वस्तू केली, आणि ती इतकी सुंदर केली की तिथेच पकडला गेला!"

सगळे हसले. आईसुद्धा डोळे पुसत हसली.

तुला खरंच आवडायचा का रे तो किस्सा? मी कधी विचारलंच नाही. माझ्या साखरपुड्यात सांगितला, संजूच्या लग्नात सांगितला, तुझ्या निवृत्तीच्या दिवशी तर तुझ्या कारखान्यातल्या लोकांसमोर सांगितला. तू हसायचास. पण शेवट जवळ आला की "चहा टाकतो" म्हणून उठून जायचास. इतकी वर्षं मला वाटत होतं, तू लाजतोस.

खरं सांगू? त्या किश्श्यातलं एक वाक्य मी आजवर गाळत आले. ते वाक्य तुझं नाही, डेपोतल्या माणसाचंही नाही. माझं आहे. आज ते लिहायचं आहे. पण एकदम नाही जमणार, पहिल्यापासून येऊ दे.

मी अकरा वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात थंड पेयाच्या कंपनीने बाटलीच्या बिल्ल्यात क्रिकेटवाले घातले. बिल्ल्याच्या आतलं मऊ अस्तर नखाने उचकटलं की खाली निळ्या शाईत छापलेला एक खेळाडू, इवलासा, आणि त्याच्या पायाशी नाव. अकरा जणांचा संघ पुरा केला की कंपनीच्या डेपोतून एक छोटी बॅट मिळणार होती, तिच्यावर अकराही जणांच्या छापील सह्या. मुलुंडच्या आपल्या सोसायटीतली सगळी पोरं नुसती खुळावली होती.

आणि त्यांच्यात मुलगी मी एकटी. मला ते खेळायला घ्यायचे ते गटारात गेलेला बॉल काढण्यापुरतं. म्हटलं, ती बॅट माझ्या हातात येऊ दे, मग बघते मला कोण बाहेर ठेवतो!

घरात हे फक्त तुला कळलं. आई म्हणायची, "मुलीच्या जातीला काय करायच्या आहेत बाटल्यांच्या टोप्या?" बाबांना मॅच म्हणजे वेळेचा नाश वाटायचा. तू मात्र एका जुन्या लाऊडस्पीकरचं लोहचुंबक काढून त्याला सुतळी बांधून दिलीस. उडप्याच्या हॉटेलात फ्रीजखाली ते सोडायचं आणि हळूच ओढायचं. एका झटक्यात पाच-सहा बिल्ले चिकटून यायचे, काय आनंद व्हायचा! भांडुपच्या कारखान्यातून सुटलास की तूही रस्त्यात वाकून वेचायचास. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, आणि फुटपाथवर उकिडवा बसलेला तू! कोणी ओळखीचं दिसलं की म्हणायचास, "चपलेचा अंगठा तुटलो."

लग्नाचा मोसम आठवतो? हॉलच्या मागच्या दारी आपण दोघं पिशवी घेऊन उभे. रखवालदाराला वाटलं आपण जेवण मागायला आलोय, आणि त्याने बिचाऱ्याने दोन जिलब्या कागदात बांधून दिल्या. तू त्या घेतल्यास आणि वर "बिल्ले पण घेऊ काय?" असंही विचारलंस.

आणलेले बिल्ले मी जुन्या टूथब्रशने घासून गच्चीत वाळत घालायची. तरी मुंग्या लागायच्याच. आईचा आरडाओरडा सुरू झाला की तू म्हणायचास, "वहिनी, मुंग्यांका पण क्रिकेट आवडता."

दहा जण जमले. काही काही तर चार-चारदा आले. फक्त आपला डावखुरा सलामीवीर येईना. आपल्याच काय, सोसायटीत कोणाकडेच तो नव्हता, कोणी पाहिलाही नव्हता. कंपनीने त्याचे मोजकेच छापले असणार. योजना संपायला आठवडा राहिला आणि मी जेवणं सोडून दिली.

मग एका संध्याकाळी तू खिशातून रुमालाची पुरचुंडी काढलीस. "कॅन्टीनमधे गावलो," म्हणालास. आत तो! बॅट उंचावलेली, पुढचा पाय टाकलेला, पॅडच्या पट्ट्यासुद्धा दिसत होत्या. मी तुझ्या गळ्यात पडले. संशय मला कशाला येईल? तू खोटं बोलू शकतोस हेच मला ठाऊक नव्हतं.

तू ट्रेसर होतास. साहेब लोक पेन्सिलने यंत्रांचे नकाशे काढायचे आणि तू वर पारदर्शक कागद पसरून ते शाईने जसेच्या तसे उतरवायचास. मी एकदा विचारलं होतं, "काका, साहेबाचं चुकलं तर?" तू म्हणालास, "तर चुकीचाच उतरवूचा. डोक्या सायबाचा, हात आपलो." तुझ्या हातून उतरलेल्या हजारो रेघांमधली एकही तुझ्या मनाची नव्हती. तो बिल्ला तेवढा तू मनाने काढलास. समोर ठेवायला मूळ बिल्ला नव्हताच. होते ते शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, दाराशी उभं राहून पाहिलेले सामने.

डेपो साकीनाक्याला होता. घाटकोपरला बस बदलून आपण गेलो. केवढी रांग होती! आपल्याच सोसायटीची तीन पोरं आपल्या मागे उभी होती आणि मला कधी नव्हे ते ताई-ताई करत होती.

टेबलामागच्या माणसाने अकरा बिल्ले ओळीने मांडले. दहावरून बोट फिरवलं, अकराव्यावर थांबलं. त्याने तो उचलून उजेडात धरला. मग शेजारच्याला दाखवला. "अरे, ये देख, क्या मस्त बनाया है!" आतून आणखी दोघं आले. त्याने खणातून खरा बिल्ला काढून शेजारी ठेवला. खरा पुसट होता, नाक कुठे नि हेल्मेट कुठे ते कळत नव्हतं. तुझा इतका रेखीव होता की आंधळ्यालाही फरक कळावा. इथपर्यंत मी सगळ्यांना सांगते. इथे सगळे हसतात.

पण त्याने पकडलं होतं ते वेगळ्याच गोष्टीवरून. खऱ्या बिल्ल्यावर तो उजव्या हाताने खेळत होता!

तू वाकून पाहिलंस. तुला क्षणात कळलं. "साहेब, तुमचा फोटो छापताना उलटा पडलाय," तू म्हणालास, "तो डावखुरा आहे."

"मैदानात कसाही खेळू दे," तो माणूस म्हणाला, "आमच्या कंपनीत तो उजव्या हातानेच खेळतो."

अख्खी रांग हसली. मागची पोरंही हसली. तुझे कान लाल झाले. नकली बिल्ला केला हे तू नाकारलं नाहीस, पण तो चुकीचा काढला हे काही तुला कबूल होईना. आणि मग तू माझ्याकडे वळलास. सगळ्यांसमोर, अगदी विश्वासाने विचारलंस, "सांग गो बाय ह्यांका. तो डावरोच मा?"

मी म्हणाले, "मला नाही माहीत."

हेच ते वाक्य, काका.

मला माहीत नाही? मला त्याची प्रत्येक खेळी पाठ होती! गच्चीत एकटी असले की मी उजवी असून डाव्या हाताने बॅट धरायची, त्याच्यासारखी. पण त्या क्षणी वाटलं, ह्याची बाजू घेतली तर मीही चोर ठरेन, ही पोरं मला जन्मभर चिडवतील. तू सरळ उभा राहिलास. "लहान आहे ती," एवढंच त्या माणसाला म्हणालास. "तेवढा एक परत मिळेल काय?" असंही विचारलंस. त्याने तो बिल्ला टाकाऊ बिल्ल्यांच्या पिंपात टाकला, आणि मी तुझी बाही ओढत "चल ना!" म्हणून रडायला लागले.

परतीच्या बसमध्ये तू म्हणालास, "चूक माझीच. मूळ बघल्याशिवाय हात चलवूचो नाय." आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. मी तुझ्याशी! तू माझ्याशी अबोला धरायला हवा होतास रे.

पुढे कारखान्यात कॉम्प्युटर आले, तुमचा ड्रॉइंग हॉल रिकामा झाला, तू लवकर निवृत्ती घेतलीस. मग सोसायटीतल्या पोरांच्या जर्नलमधली हृदयं, बेडूक, जास्वंदीची फुलं, सगळं तूच काढायचास. माझ्या जर्नलमधलंही तूच काढलंस, आणि मी निर्लज्जपणे त्याला दहापैकी दहा घेतले. पण पुस्तक समोर उघडं असल्याशिवाय तू पेनाला हात लावला नाहीस. एका गणपतीत संजू म्हणाला, "काका, मखराला एक झकास मोर काढ." तू म्हणालास, "मोराचा चित्र आणून दी, मग काढतंय." आम्ही केवढे हसलो! बाळकाकाला साधा मोर मनाने येत नाही! मीच सगळ्यात मोठ्याने हसले.

काल सगळे गेल्यावर मी आणि आई भांडी आवरत होतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली, पण हात चालूच. एकदम म्हणाली, "तो किस्सा आता बंद कर गं."

"का? तुलाही हसू येतं की."

"येतं. पण त्याने मला एकदा विचारलं होतं. तुझं लग्न झालं त्या साली. सगळी तयारी झाली, आणि हा ओट्याशी येऊन उभा. म्हणाला, वहिनी, आपल्या बायेक तेव्हा खरांच म्हायत नव्हता काय?"

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, लहान होती, नसेल माहीत. तर लगेच म्हणाला, तसांच आसतला. तिका म्हायत असता, तर ती गप रवली नसती."

"आई, मला माहीत होतं."

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "झोपेतसुद्धा त्या मेल्यांची नावं घ्यायचीस. पण त्याला मी काय सांगायचं होतं?" आणि तिने ते पातेलं माझ्या हातातून घेऊन पुसलं.

मला का नाही विचारलंस रे? वहिनीला विचारलंस, मला नाही! एकदा, फक्त एकदा, चहा टाकायला उठण्याऐवजी बसून राहिला असतास आणि म्हणाला असतास, "बाय, पुढचा पण सांग!" मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. असतं का? कदाचित तेव्हाही हसण्यावारी नेलं असतं. पण तू विचारलं नाहीस, कारण मी काय उत्तर देईन याची तुला भीती वाटत होती. माझी इभ्रत माझ्यापेक्षा तूच जास्त जपलीस. मला एवढं चांगलं समजायला कोणी सांगितलं होतं तुला?

आता रडून काय उपयोग! बैल गेला नि झोपा केला, तू म्हणशील.

पण एक शब्द देते. गणपतीला सगळे पुन्हा आपल्याकडे जमतील, आणि कोणीतरी किस्सा मागेलच. मी तो सांगेन, आईने बंद कर म्हटलं तरी. साखरपुड्याला हसलेले, लग्नात हसलेले, काल हसलेले सगळे समोर असतील. तू मला काय विचारलंस आणि मी काय म्हणाले, ते दोन्ही सांगेन. त्या रांगेत खरं बोलणारा एकटा तू होतास, हेही सांगेन. मग कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसू दे, माझ्यावर.

तो डावराच होता, काका. मला माहीत होतं, आणि तरी मी गप रवलंय.

तुझीच,
बाय